इथं फॉल्ट कोणाचा ते विचारत नाहीत

माझं पोट ज्या शब्दावर चालतं तो शब्द म्हणजे फॉल्ट. वेलिंग्टनमध्ये विजेच्या तारा आणि खांब सांभाळणाऱ्या एका कंपनीत मी इंजिनियर आहे. सकाळी फोन येतो तो 'फॉल्ट आहे' म्हणून, आणि संध्याकाळी निघताना जो कागद भरायचा तो फॉल्ट रिपोर्ट. पुण्यात आम्ही साधं 'लाईट गेली' म्हणायचो आणि गॅलरीत जाऊन समोरच्यांची गेलीय का बघायचो. त्यांचीही गेलेली दिसली की जिवाला बरं वाटायचं. इथं लाईट जात नाही, फॉल्ट होतो.

बरं, तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण हा शब्द भलताच उनाड आहे, एका जागी बसत नाही. जमिनीखालची भेग, तीही फॉल्ट. या शहराखालून अशी एक मोठी भेग जाते आणि इथली माणसं ती हात करून दाखवतात, "तो रस्ता दिसतोय ना, त्याच्या बाजूनं जातो फॉल्ट." बस कुठून जाते ते सांगावं, तितक्या सहज. टेनिसमध्ये सर्व्हिस बाहेर गेली की फॉल्ट. एखादा माणूस गरजेपेक्षा जास्तच उदार असला की तो 'जनरस टु अ फॉल्ट'. आणि घरात काचेचा ग्लास फुटला की पोरांचं पहिलं वाक्य, "इट वॉजन्ट माय फॉल्ट!" आपण मराठीत या प्रत्येकाला वेगळं पान वाढतो. यंत्राचा बिघाड, जमिनीची भेग, स्वभावातली खोट, पत्रिकेतला दोष, आणि माणसाची ती चूक. इंग्रजीनं सगळ्यांना एकाच डब्यात कोंबलंय. मला हे वर्षानुवर्षं शुद्ध आळशीपणाचं वाटत आलं. गेल्या वर्षी आमच्याकडे जे झालं त्यानंतर तसं वाटेनासं झालं. ते सांगायला बसलोय खरा, पण एका बैठकीत सांगणं होत नाही. मघापासून तीनदा उठून किचनमध्ये जाऊन आलो.

आमच्या रिपोर्टात 'कारण' असा एक रकाना असतो. झाड, वारा, पक्षी, वाहन, पॉसम, जुना झालेला भाग, अज्ञात. पॉसम म्हणजे मांजराएवढा शेपटीवाला प्राणी. खांबावर चढतो, नको तिथं हात लावतो, स्वतः जातो आणि जाताना अख्ख्या गल्लीची वीज घेऊन जातो. या यादीत माणूस नाही. कोणी चुकीचा स्विच फिरवला तर तिथं 'प्रक्रिया' असं लिहितात. मग मीटिंग होते, मॅनेजर "किया ओरा, टीम" असा माओरी नमस्कार करून सुरुवात करतो, आणि प्रक्रियेवर तासभर चर्चा चालते. ज्यानं स्विच फिरवलेला असतो तो शेजारीच निवांत बिस्किट खात बसलेला असतो. पहिल्या मीटिंगला मी हैराण झालो. पुण्याच्या कारखान्यात आमचा साहेब दारातूनच गरजायचा, "कोणी केलं रे हे?" आणि आम्ही चौघं एकमेकांची तोंडं बघायचो. इथला प्रकार मला फार आवडला, खोटं कशाला बोलू. माझ्यासारख्या माणसाची तर चैनच.

माझ्यासारखा म्हणजे कसा, तर थर्मासची गोष्ट सांगतो. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गाला शिकवायचे. घरात काही फुटलं-मोडलं तर ते ओरडत नसत, मारत तर मुळीच नसत. ती मोडकी वस्तू उचलायची आणि जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवायची, बस्स. ज्यानं मोडली त्यानं येऊन सांगेपर्यंत ती तिथंच. आम्ही तिच्याभोवती ताटं मांडून जेवायचो. मी दहा-अकरा वर्षांचा असताना थर्मासची आतली काच फोडली. चार दिवस तो थर्मास आमटीच्या पातेल्याशेजारी उभा होता. कोणाचा धक्का लागला की आत काच खुळखुळायची. मी मान खाली घालून भात खात राहिलो. पाचव्या दिवशी आईनं तो भंगारवाल्याला देऊन टाकला आणि अण्णा चकार शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, सुटलो बुवा.

तर हे अण्णा गेल्या वर्षी आमच्याकडे तीन महिने राहायला आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. आम्ही जॉन्सनव्हिल नावाच्या उपनगरात उतारावरच्या एका भाड्याच्या घरात राहतो, मी, बायको आणि आमची नऊ वर्षांची मुलगी. बायको आयटीत आहे, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करते. मुलगी इथंच जन्मली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. अण्णा मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत सांगायची, आणि दोघांचं इतकं छान जमायचं की मध्ये आम्ही बोललो तर दोघांनाही अडथळा व्हायचा. रोज दुपारी शाळा सुटली की दोघं कोपऱ्यावरच्या डेअरीत जायची. डेअरी म्हणजे इथलं वाण्याचं दुकान. तिथून आइस्क्रीम खात खात चढ चढून यायची.

अण्णा आले त्याच आठवड्यात आम्ही त्यांची परतीची बॅग भरायला घेतली. हसू नका, तुम्हीही हेच करता. मधाच्या बरण्या, बदाम, चॉकलेटं, माझ्या बहिणीसाठी लोकरीची शाल, तिच्या मुलासाठी बूट. दर शनिवारी काहीतरी आणायचं, बॅगेत टाकायचं, काट्याला अडकवून वजन बघायचं, तेवीस किलो भरले का. महिन्याभरात ती मरून रंगाची बॅग फुगून टम्म झाली. आता ठेवायची कुठं? या घराला माळा नाही, आणि माळा नसला की आपला माणूस कपाटाच्या डोक्यावर नजर टाकतो. बायको म्हणाली, "खाली पाय ठेवायला जागा नाहीये, वर टाक ना ती." मी स्टुलावर चढलो आणि अण्णांच्या खोलीतल्या कपाटावर ती ढकलून दिली. खालून अण्णांनी विचारलं, "नीट बसली का?" मी म्हटलं, "बसली, बसली." थोडी पुढं आली होती. पण बसली होती.

मग मुलीच्या शाळेत भूकंपाचा आठवडा आला. इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी हे येतं, जमीन हलली की खाली बसायचं, टेबलाखाली शिरायचं, टेबलाचे पाय धरून ठेवायचे. त्या आठवड्यात घरी एक कागद आला. घरात पाण्याचा साठा आहे का, टॉर्च कुठं आहे, भेटायची जागा ठरली आहे का, जड वस्तू खाली ठेवल्या आहेत का, अशी यादी, प्रत्येकापुढं एक चौकोन आणि तळाला पालकांची सही. मुलीनं क्लिपबोर्ड घेतला आणि घरभर तपासणी केली. अण्णा मापाची टेप घेऊन तिच्यामागं. त्यांना तर पर्वणीच, आयुष्यभर दुसऱ्यांचं काम तपासलेला माणूस. अण्णांच्या खोलीत गेल्यावर तिनं कपाटाकडं बघितलं आणि मला हाक मारली. "बाबा, दॅट बॅग हॅज टु कम डाउन."

"हो, रविवारी काढू," मी म्हटलं.

रविवार आला आणि गेला. मला काही कारण सांगता येत नाही. काही मोठं काम नव्हतं, पाठ दुखत नव्हती. आळस, दुसरं काही नाही. मंगळवारी सकाळी, शाळेला निघायच्या घाईत, ती कागद घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. सगळ्या चौकोनांत बरोबरची खूण, एक सोडून. शेवटचा दिवस होता. अण्णा तिथंच टेबलाशी चहा पीत होते. मी म्हटलं, "कर गं तिथं टिक, मी सही करतो."

"बट इट्स नॉट डन, बाबा."

"अगं करणारच आहोत ना आपण? मग झालंच समज. चल, उशीर होतोय."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग खूण केली. मी उभ्या उभ्या सही ठोकली. अशा सह्या मी आयुष्यभर घेत आणि ठोकत आलोय. कॉलेजात जर्नल पूर्ण नसताना सर सही करायचे, कारखान्यात तपासणी न करता तपासणीच्या तक्त्यावर आम्ही सही करायचो, 'होऊन जाईल' म्हणत. इतकी वर्षं खरंच होऊन जात होतं.

त्याच शनिवारी दुपारी जमीन हलली. मोठा भूकंप नव्हता हो. बातम्यांत दोन ओळीसुद्धा धड आल्या नाहीत, आमची वीजही गेली नाही. इथं असे किती येतात आणि जातात, लोक चहाचा कप धरून ठेवतात आणि पुढं बोलायला लागतात. मी किचनमध्ये दुधाचं पातेलं हातात धरून उभा राहिलो, बावळटासारखा. मुलगी दारात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, चढवत होती, ती पळत येऊन टेबलाखाली शिरली. अण्णा आपल्या खोलीत कॉटवर बसून मोजे घालत होते, दोघं डेअरीत निघाली होती. कपाट जागचं हललंही नाही. फक्त बॅग घसरली.

आवाज आधी आला, मग अण्णांचा, "आई गं." मी धावलो तेव्हा ते जमिनीवर बसले होते, उजवा हात डाव्या हातानं धरून, आणि चेहरा पांढराफटक. बॅग त्यांच्या पायाशी आडवी. डोक्यावर पडली असती तर, हा विचार माझ्या मनात त्याच क्षणी आला आणि अजून गेलेला नाही. मागं दारात मुलगी उभी होती. ती अण्णांकडं बघत नव्हती, बॅगेकडंही नाही. माझ्याकडं बघत होती.

दवाखान्यात एक्स-रे झाला. खांद्याखालचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नको, गळ्यात झोळी, हात हलवायचा नाही, विमानप्रवास लांबवा, असं सांगितलं. नर्सनं एक फॉर्म दिला. अपघात कुठं झाला, कधी झाला, कसा झाला. मी 'कसा'समोर लिहिलं, भूकंपात कपाटावरून बॅग पडली. नर्स वाचून म्हणाली, "पुअर थिंग." पाहुण्यांचाही उपचार इथं सरकारी अपघात योजनेतून होतो, ते ऐकून अण्णा चकित झाले.  गाडीत पट्टा मी लावून दिला तेव्हा म्हणाले, "बॅग ठेवली कोणी, हे कुठंच नाही विचारलं?"

"नाही अण्णा. इथं विचारत नाहीत. कायदाच तसा आहे. नो फॉल्ट म्हणतात त्याला. दोष कोणाचा ते शोधत बसायचं नाही, माणसाला बरं करायचं."

"चांगलं आहे," अण्णा म्हणाले. सिग्नल सुटेपर्यंत ते बाहेर बघत राहिले. "पण मग ज्यानं ठेवली त्यानं करायचं काय?"

मी गाडी चालवत होतो. रस्त्यावर लक्ष आहे असं दाखवलं.

घरी आल्यावर मी ती बॅग उचलायला गेलो. आत काहीतरी फुटलं होतं, मधाचा वास येत होता आणि कोपऱ्यातून चिकट ओघळ निघाला होता. मी ती ओढत पॅसेजमध्ये आणली, म्हटलं बाहेर नेऊन उघडतो. अण्णा सोफ्यावरून म्हणाले, "राहू दे ती तिथंच."

"अहो, मध गळतोय."

"राहू दे. खाली पेपर टाक."

मी पेपर टाकला. तेव्हा मला काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूमला जाताना तिला पाय लागला, आणि आतून काच खुळखुळली. अरे देवा, हा तर थर्मास.

पुढचे अडीच आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. ती बॅग पॅसेजमध्ये अशी काही पडली होती की किचनमध्ये जा, बाथरूमला जा, कपडे वाळत घालायला जा, तिला वळसा घालावाच लागायचा. मला एका जागी बसवेना. टीव्ही लावायचो, बंद करायचो. पुण्याहून फोन यायचे, बहीण म्हणायची, "भूकंप काय सांगून येतो का रे? कोणाचा काय दोष त्यात? डोक्यावर नाही पडली, हेच नशीब." मी "हो ना, हो ना" म्हणायचो. बायको एकदा भांडी लावता लावता रडायलाच लागली. "मीच म्हटलं होतं, वर टाक म्हणून. माझ्यामुळं झालं हे." आणि मी, सांगायला लाज वाटते, मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "जाऊ दे, असं मनाला लावून घेऊ नकोस." त्या कागदाचं तिला काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

सांगायचं सोडून मी बाकी सगळं केलं. कपाट भिंतीला पक्कं करायला भोकं पाडू का, असं घराच्या एजंटला ईमेल करून विचारलं. अर्ध्या तासात हो आलं. अर्धा तास! पट्ट्या, स्क्रू आणले, घरातलं एकूण एक कपाट भिंतीला जखडलं. वीस मिनिटं लागली एकेकाला. टीव्ही बांधला, पुस्तकांची मांडणी बांधली, वरच्या फळीवरचा खलबत्ता खाली आणला. बायको म्हणाली, "आता मलाही बांधून टाक एकदा." तिकडं ऑफिसात फॉल्ट रिपोर्ट भरताना 'कारण' या रकान्याशी माझा हात थांबायला लागला. एकदा तर सरळ पॉसम गेलेला समोर दिसत असताना मी पाच मिनिटं पेन धरून बसलो. शेजारच्यानं विचारलं, "यू ऑल राइट, मेट?" मी म्हटलं, "स्वीट ॲज," म्हणजे सगळं मजेत.

अण्णांचा हात जुळून येणार होता, डॉक्टरनं तसं सांगितलं होतं. मला खरी धास्ती मुलीची होती. ती माझ्याशी भांडत नव्हती, रुसली नव्हती. नीट बोलायची, पण विचारलं तेवढंच. शाळेतून आली की थेट अण्णांच्या खोलीत. त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधायची, स्वेटरमध्ये डावा हात घालून द्यायची, पोळीचे तुकडे करून द्यायची. नऊ वर्षांचं पोर इतकं शहाण्यासारखं वागायला लागलं की भीती वाटायची. हिच्या मनात काय चाललंय ते मला पक्कं माहीत होतं, आणि ते मी एका वाक्यात काढून टाकू शकत होतो. ते वाक्य काही तोंडातून निघेना.

दोन आठवड्यांनी एका रविवारी मी वाळलेल्या कपड्यांची टोपली घेऊन पॅसेजमधून येत होतो. अण्णांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. मुलगी त्यांच्या स्वेटरची बटणं लावत होती. ती म्हणाली, "आजोबा, इट वॉज माय फॉल्ट."

"कसला फॉल्ट गं?"

"द बॅग. आय टिक्ड इट. इट सेड द हेवी थिंग्ज आर डाउन, अँड दे वरन्ट."

मी होतो तिथंच उभा राहिलो, पायाशी बॅग.  अण्णांनी हळूच विचारलं, "टिक करायला कोणी सांगितलं होतं?"

तिनं खालचं बटण लावलं. मग त्याच्या वरचं. "नोबडी," ती म्हणाली.

नोबडी! मला पाठीशी घालत होती ती. माझ्या पोटची पोर माझ्यासाठी खोटं बोलत होती, तेही तिच्या आजोबांशी. आता पुढं होऊन बोलायचं, दुसरा मार्गच नव्हता. आणि मी काय केलं? आवाज न करता मागं फिरलो, बॅगेला वळसा घातला, आणि वॉशिंग मशीनच्या खोलीत जाऊन टॉवेलच्या घड्या घालत बसलो. एकेक टॉवेल दोनदा घडी केला. असा मी माणूस.

त्यानंतरच्या बुधवारी तिचा डबा शोधायला मी तिच्या दप्तरात हात घातला. तळाशी एक प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडी केलेला कागद. तोच, भूकंपाच्या आठवड्याचा, पण कोरा. वर बाईंनी हातानं लिहिलं होतं, खरं सांगितलंस याचा अभिमान वाटतो, सगळं झालं की आण, घाई नाही. खाली तारीख होती. बॅग पडली त्यानंतरचा सोमवार. म्हणजे शाळा उघडल्या उघडल्या ही पोरगी बाईंकडं जाऊन सांगून आली होती आणि गेले दोन आठवडे हा कागद दप्तरात घेऊन हिंडत होती.

ती आणि अण्णा टेबलाशी बसून काहीतरी खात होती. बायको लॅपटॉप बंद करून नुकतीच उठली होती. मी कागद टेबलावर ठेवला. "हा मला का नाही दिलास?"

तिनं कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. अजिबात चिडून नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "यू'ड जस्ट साइन इट, बाबा."

 मी खुर्ची ओढून बसलो. बायको विचारत होती, "काय झालं? कसला कागद आहे हा?" आणि मग मी बोललो. कसं बोललो ते नीट आठवत नाही, पण सगळं बोललो. हिनं बॅग काढायला सांगितली होती. मी काढली नाही. ही टिक करत नव्हती, मी करायला लावली. सही माझी. हिचं काही चुकलेलं नाही. तुझंही नाही, असं बायकोला म्हटलं, तू फक्त वर टाक म्हणालीस, खाली काढायचं मला सांगितलेलं होतं. रविवारी मी दारात उभा राहून ऐकलं, तेही सांगितलं. "चूक मी केली अण्णा," मी म्हटलं. तोंड एकदा उघडलं ते मिटेना. "आणि तो थर्मासही मीच फोडला होता."

"कुठला थर्मास?" बायको म्हणाली.

अण्णांनी डाव्या हातानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ते तुझ्या आईला त्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "ती म्हणाली, येईल, आपणहून सांगायला येईल. पाचव्या दिवशी तिलाच बघवेना." मग म्हणाले, "त्या सकाळी तू सही केलीस तेव्हा मी इथंच चहा पीत होतो. बॅग पुढं आलेली मलाही दिसत होती. मुलाच्या घरात पाहुण्यानं कशाला बोलायचं, म्हणून गप्प बसलो. तेव्हा थोडं माझंही."

बायको माझ्याकडं बघत होती. ती त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलली नाही, नंतर बोलली ती भरपूर बोलली, ते मी इथं लिहीत नाही. माझ्या पाठीवर हात ठेवायला मात्र कोणी आलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मुलगी उठली. क्लिपबोर्ड घेऊन आली, कागद त्यावर लावला. अण्णा उठले, टेप खिशात टाकली. दोघं खोल्याखोल्यांतून फिरली, मी मागं. तिनं प्रत्येक कपाट हातानं ढकलून बघितलं. पाण्याचे कॅन मोजले, टॉर्च लावून बघितला. अण्णांच्या खोलीत स्टुलावर चढून कपाटाच्या वर हात फिरवला आणि मगच खूण केली. पॅसेजमध्ये आल्यावर ती बॅगेपाशी थांबली आणि अण्णांकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "आता उघडा." मी चेन ओढली. मधानं बहिणीची शाल बदामांना चिकटून बसली होती, एक बूट भरला होता. आम्ही तिघांनी तिथंच बसून सगळं काढलं, काच पेपरात गुंडाळली. बॅग मी बाहेर धुवायला नेली.

परत आलो तेव्हा ती टेबलाशी बसली होती. सगळे चौकोन भरले होते. फक्त तळाची सही उरली होती. सवयीनं मी हात पुढं केला. तिनं पेन माझ्या हातात दिलं नाही. माझ्याकडं बघितलं, विचार केला, आणि ते अण्णांपुढं धरलं.

"आजोबा कॅन साइन."

अण्णांचा उजवा हात झोळीत. त्यांनी पेन डाव्या हातात घेतलं. वर्षानुवर्षं पोरांनी वर्कशॉपमध्ये घासून आणलेल्या जॉबवर सही केलेला माणूस, पण डाव्या हातानं त्यांना पहिलं अक्षरही काढता येईना. धरायला दुसरा हात नसल्यामुळं कागद टेबलावर सारखा सरकत होता. मी वाकलो आणि तो दोन्ही हातांनी दाबून धरला.